आग्नेय आशियाची बाही

"अहो, ते नकाशे पेपरांतून काढून फाइलमध्ये लावून ठेवा ना," सुलोचनाबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा सकाळचे दहा वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि श्रीपाद टेंबे नुकत्याच रिकाम्या केलेल्या दिवाणाखाली ओलं फडकं मारत होते.

"कोणत्या पेपरांतून?"

"दिवाणाखालच्या. परवा सांगितलं नव्हतं का? कागद वळू नयेत म्हणून सपाट ठेवलेत. एकेका पेपरच्या घडीत एकेक. बारा आहेत. मागे नंबर टाकलेत, त्या क्रमानं लावा."

श्रीपादांच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. सकाळी साडेसातला सुलोचनाबाई मैत्रिणीकडे, संहिताकडे, उजळणीला गेल्या होत्या. आठ वाजता बाबूराव रद्दीवाला गल्लीत आला होता. आणि घरात जरा मोकळं करावं असं श्रीपादांना वाटायला तेवढंच निमित्त पुरलं होतं. तीन महिन्यांची वर्तमानपत्रं त्यांनी स्वतःच्या हातानं, सुतळीनं नीट बांधून, त्याच्या लोडिंग रिक्षात चढवली होती. गठ्ठा जरा जड वाटला होता, पण बातम्याच हल्ली फार असतात, असं ते मनाशी म्हणाले होते.

"ऐकताय ना?"

"हो, हो. लावतो."

"साडेबाराला येते मी. दोनला व्हायवा आहे. फाइलशिवाय आत बसू देत नाहीत, पेपरच रद्द करतात. सरांनी दोनदा बजावलंय. आणि हात धुऊन लावा हो."

फोन बंद झाला. श्रीपाद दिवाणाखाली पुन्हा एकदा वाकले. तिथे लख्ख स्वच्छ फरशी होती. इतकी स्वच्छ फरशी त्यांना यापूर्वी कधी नकोशी झाली नव्हती.

सुलोचनाबाई बी. ए. झाल्या त्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं होतं. भूगोलात एम. ए. करायचं होतं, ते राहिलं. मग सासूबाईंचं आजारपण, मग लेकीची, ईशाची शाळा, ईशाचं कॉलेज, ईशाचं लग्न. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी कुणालाही न विचारता दूरशिक्षणाचा फॉर्म भरला आणि भरल्यावर श्रीपादांना सांगितलं. आता शेवटचा पेपर उरला होता, जगाचा प्रादेशिक भूगोल. त्याच्यासाठी जगाचे बारा प्रदेश, बारा मोठे नकाशे, सगळे हाताने काढलेले. सात महिने जेवणाच्या टेबलावर एकेक खंड पसरलेला असायचा आणि श्रीपाद ताट मांडीवर घेऊन जेवायचे. त्यांनी तक्रार केली नव्हती, पण टेबलावर काय आहे हेही कधी विचारलं नव्हतं.

बाबूरावला फोन करावा म्हणून त्यांनी मोबाइल उचलला, आणि त्यांच्या लक्षात आलं की बाबूरावचा नंबर फक्त सुलोचनाच्या फोनमध्ये आहे. तिला विचारायचं तर ती आधी विचारणार, कशाला? त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. बाबूरावचं गोदाम परदेशीपुऱ्यात, जुन्या मिलच्या मागच्या गल्लीत आहे, एवढं त्यांना माहीत होतं. अन्नपूर्णा रोडवरच्या घरापासून परदेशीपुरा म्हणजे सगळं इंदूर मधे. एप्रिलचं ऊन, शनिवारची गर्दी, आणि हेल्मेटच्या आत श्रीपादांच्या ओठांवर सारखं चाललेलं, "बारा, बारा, बारा."

गल्लीच्या तोंडाशीच बाबूरावची लोडिंग रिक्षा उभी होती. समोरच्या काचेला आतून चिकटपट्टीनं आफ्रिका लावलेली होती. सहारा वाळवंट पिवळंधमक, काँगोचं खोरं हिरवंगार.

"बाबूराव!" श्रीपाद स्कूटर लावायच्या आधीच ओरडले. "ती आफ्रिका काढ आधी!"

बाबूराव कट चहाचा अर्धा ग्लास घेऊन बाहेर आला. "काय काढू, साहेब?"

"तो कागद! काचेवरचा!"

"अरे, त्यो? सामनेकडून धूप लागते ना साहेब. जाड कागद होता, म्हटलं चला, कामाला आला."

"बाकीचे कुठायत? असे बारा होते."

"होते ना. मी अलग काढले. रद्दीत जाड कागद मिक्स केला की सेठ किटकिट करतो. ते दिले सुमेधाताईला, इथंच पुढं, ब्लाउजवाली. तिला फर्मे बनवायला लागतात जाड कागद."

"फर्मे म्हणजे?"

"म्हणजे कपडा कापायच्या आधी कागदावर माप काढतात ना. मग तो कागद कापतात."

"कापतात?"

"कापल्याशिवाय फर्मा कसा होणार, साहेब?" बाबूरावनं अगदी समजुतीनं विचारलं.

आफ्रिका काखेत धरून श्रीपाद पळाले. निवृत्त झाल्यापासून ते पळाले नव्हते, आणि त्याआधीही फारसे नाहीत. सुमेधाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. चार मशीनं खडखडत होती आणि मधल्या टेबलाशी तिशीतली एक बाई मोठी कात्री घेऊन उभी होती. तिच्यासमोर दक्षिण अमेरिका पालथी पडलेली होती. चिलीच्या टोकाशी कात्रीनं तोंड उघडलं होतं.

"थांबा!"

चारही मशीनं बंद पडली. सुमेधानं कात्री खाली ठेवली नाही. "अंकलजी, आवाज कशाला चढवता? माप द्यायचंय का कुणाचं?"

"हे माझ्या बायकोचे नकाशे आहेत," श्रीपाद धापा टाकत म्हणाले. "एम. ए.चे. आज दोनला परीक्षा आहे. चुकून रद्दीत गेले."

"चुकून? कोणी दिले?"

"मी."

सुमेधानं चारही मशीनांवरच्या बायकांकडे पाहिलं. चारही बायकांनी श्रीपादांकडे पाहिलं. निकाल लागला होता.

"बघा अंकलजी," सुमेधा जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तुमची अडचण बरोबर आहे. पण माझी पण ऐका. नवरीच्या सहा मावश्या आहेत. सहा जणींची सहा मापं. चार वाजता डिलिव्हरी. मी सकाळपासून बसून या कागदांवर फर्मे काढलेत. तुम्ही कागद घेऊन गेलात की मी काय करू? पुन्हा काढायला मला वेळ कुठंय?"

श्रीपादांनी कागद उलटून पाहिले. युरोपच्या पाठीवर तिसरी मावशी होती, ऑस्ट्रेलियाच्या पाठीवर धाकटी. गळा, मुंढा, दंडघेर, सगळं निळ्या पेनानं. पाच नकाशे कोरे होते, पाचांवर मावश्या होत्या.

"आफ्रिका धरून अकरा," त्यांनी मोजलं. "आणि बारावा?"

सुमेधानं मशीनशेजारच्या कोपऱ्यातून चार तुकडे काढून टेबलावर ठेवले. "मोठ्या मावशीचं माप आधी घेतलं होतं. ते कापून झालं."

तो आग्नेय आशिया होता. म्यानमार आणि थायलंड मिळून एक बाही झाली होती. सुमात्रा आणि जावा पाठीत गेले होते. व्हिएतनाम पुढच्या भागात गळ्यापाशी संपत होता. फिलिपिन्स कुठेच नव्हता. तो कात्रणांत गेला असावा, आणि कात्रणं नुकतीच झाडून नेली होती.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. श्रीपाद क्षणभर त्या बाहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "ब्राउन पेपर आहे? आणि पट्टी?"

"आहे. का?"

"चौतीस वर्षं वीज मंडळात ड्राफ्ट्समन होतो. मी उतरवून देतो तुमच्या मावश्या."

पुढचा पाऊण तास श्रीपाद टेबलावर वाकून एकेक फर्मा ब्राउन पेपरवर उतरवत होते. मुंढ्याचा बाक त्यांनी असा काढला की जणू हाय टेन्शनची लाइनच वळणावरून न्यायची आहे. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला होता. दर दोन मिनिटांनी डोळे घड्याळाकडे जात होते पण हात थांबत नव्हता.

"अंकलजी, लाइन तर एकदम कडक आहे तुमची," शेवटची मावशी पूर्ण झाल्यावर सुमेधा म्हणाली. "रिटायर झालात ना? या की इकडं. सीझनला खूप काम असतं."

"आधी आजचा दिवस निघू दे, ताई," श्रीपाद म्हणाले, आणि अकरा नकाशे व चार तुकडे छातीशी धरून बाहेर पडले.

सव्वाबाराला घरी पोचल्या पोचल्या त्यांनी फोन लावला. "अगं, तू तिकडूनच थेट केंद्रावर जा. मी फाइल घेऊन येतो."

"का हो? आणि जेवण?"

"संहिताकडेच जेव. उन्हात कशाला दोन चकरा?"

"नकाशे लावलेत ना?"

"अकरा लावले."

"आणि बारावा?"

"लावतोय," श्रीपाद म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

ईशाचा शाळेतला जुना अ‍ॅटलास त्यांनी माळ्यावरून काढला. कोरा कागद सुलोचनाच्या टेबलावरच होता. किनारे काढणं त्यांना अवघड नव्हतं. चौरस आखले, मोजलं, वीस मिनिटांत मुख्य भूमी उभी राहिली, मग बेटं सुटी सुटी पडत गेली. देवानं एवढी बेटं एकाच ठिकाणी का सांडली, असं त्यांना वाटून गेलं. पण खरी अडचण पुढे होती. तुकड्यांवर सुलोचनाच्या हातचे त्रिकोण, गोल, चौकोन दिसत होते. त्यांचा अर्थ सांगणारी सूची मात्र फिलिपिन्सबरोबर केरात गेली होती. त्रिकोण म्हणजे काय? तांदूळ? ज्वालामुखी? पोलीस चौकी?

पावणेएकला त्यांनी पुन्हा फोन लावला. "अगं, सहज विचारतो. आग्नेय आशियात काय काय होतं गं?"

"काय होतं म्हणजे?"

"म्हणजे पिकं वगैरे. रबर कुठं होतं?"

"तुम्हाला कशाला?"

"तुझी तयारी होईल. परीक्षक विचारेल तसं मी विचारतो. तू सांग."

सुलोचनाबाईंचा आवाज जरा बदलला. "थांबा हं, मी बाहेर व्हरांड्यात येते." चपलांचा आवाज आला. "रबर ना? थायलंडचा दक्षिण भाग, मलेशिया, सुमात्रा."

"सुमात्रात कुठं? वरती का खालती?"

"वरती-खालती काय हो? उत्तर-दक्षिण म्हणा. दोन्हीकडे आहे. मळे आहेत मोठे मोठे."

श्रीपादांनी सुमात्रात वर-खाली त्रिकोण टाकले. तुकड्याशी जुळलं. "बरं. आणि कथील?"

"कथील? अय्या, तुम्हाला कथील कसं माहीत?"

"वीज मंडळात होतो ना. सांग."

"बांका आणि बेलितुंग बेटं. आणि मलेशियातलं किंता खोरं."

"हळू. बेलि काय?"

"तुंग. लिहून घेताय की काय?"

"छे! मनात ठेवतोय." पेन पळत होतं. "आणि तांदूळ? आणि माणसं? माणसं जास्त कुठं राहतात?"

"तांदूळ त्रिभुज प्रदेशांत. इरावती, चाओ फ्राया, मेकाँग. आणि माणसं जावात. आता विचारा, का?"

"का?"

"ज्वालामुखी! लोकांना वाटतं ज्वालामुखी म्हटलं की माणसं पळून जाणार. पण तीच राख जमिनीत मिसळते, माती अशी कसदार होते की वर्षाला दोन-दोन, तीन-तीन पिकं. शेजारीच बोर्नियो, एवढं मोठं बेट, पण तिथं माणसं विरळ. माती पावसानं धुऊन निघालेली. म्हणजे बघा, जिथं आग आहे तिथंच माणसं दाटीवाटीनं राहतात. मला हे वाचताना इतकं..." त्या थांबल्या. "ऐकताय ना?"

श्रीपाद ऐकत होते. जावावर ठिपके द्यायचे होते आणि पेन हातात तसंच राहिलं होतं. "ऐकतोय," ते म्हणाले, आणि एकदम घड्याळ दिसल्यामुळे घाबरून म्हणाले, "बास, बास, उत्तम तयारी आहे! ठेवतो."

दोनला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी केंद्राच्या दारात फाइल सुलोचनाबाईंच्या हातात दिली. श्रीपादांच्या कपाळावर रुमाल अजून तसाच होता. "हे काय डोक्याला?" असं त्या म्हणेपर्यंत शिपायानं नाव पुकारलं आणि त्या आत गेल्या.

श्रीपाद बाहेरच्या बाकावर बसले. कूलरची वायर दारातून गेल्यामुळे दार पूर्ण लागत नव्हतं. उज्जैनहून आलेले बाह्य परीक्षक देवदत्त गोरे चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून फाइल उलटत होते. एक, दोन, तीन. प्रत्येक पानाच्या आवाजाबरोबर श्रीपादांचा एकेक श्वास जात होता. आठ. नऊ. आवाज थांबला.

"टेंबे मॅडम," गोरे सर म्हणाले, "हा कोणाचा हात आहे?"

"सर?"

"आधीचे आठ नकाशे एका हातचे आहेत. हा नववा दुसऱ्याच कोणाचा. अक्षरं बघा, छापल्यासारखी. बाहेरून करून घेतलाय का? साफ सांगतो, गेल्या साली मी अशा दोन फाइली रद्द केल्यात."

आत कूलर घरघरत होता. श्रीपाद बाकावरून उठले. सुलोचनाबाईंनी नकाशा जवळ ओढला. ती उभी, सरळ, मोजून काढलेली अक्षरं त्यांना लग्नापासून माहीत होती. तूरडाळीच्या डब्यावर, गॅसच्या डायरीवर, ईशाच्या दप्तरावर. त्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बेलितुंग'.

"हा माझ्या मिस्टरांचा हात आहे, सर," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे नकाशे मिस्टर काढतात?"

"नाही सर!" श्रीपाद दार ढकलून आत आले, वायरीला अडखळले आणि टेबल धरून उभे राहिले. "फक्त हाच. बाकी सगळे तिचे. मी रद्दीत दिले. चुकून. अकरा परत मिळाले, हा कापला गेला होता, म्हणून मी काढला. तिला माहीत नाही. शिक्षा करायची तर..." आपल्याला काय शिक्षा होऊ शकते हे न सुचल्यामुळे ते तिथेच थांबले.

गोरे सरांनी दक्षिण अमेरिका उलटली. मागे निळ्या पेनानं लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं. "दुसरी मावशी. दंडघेर साडेचौदा." त्यांनी चष्मा काढला. "ब्राझीलच्या मागे मावशी कुठून आली?"

श्रीपादांनी सगळं सांगितलं. बाबूराव, काच, सुमेधा, सहा मावश्या. सुलोचनाबाई खाली मान घालून ऐकत होत्या. गोरे सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सांगून झाल्यावर त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला.

"गोष्ट खरी असेल, खोटी असेल. मला त्याच्याशी मतलब नाही. मॅडम, आग्नेय आशिया माझ्यासमोर काढा. अ‍ॅटलास नाही, काही नाही. वीस मिनिटं. तुम्ही," ते श्रीपादांना म्हणाले, "भिंतीकडं तोंड करून बसा."

श्रीपाद भिंतीकडे तोंड करून बसले. मागे पेन्सिलचा आवाज येत होता. मधेच तो थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा. भिंतीवरच्या पोपड्यात त्यांना बोर्नियो दिसायला लागला. एकदा खोडरबर बराच वेळ घासलं गेलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"झालं, सर."

गोरे सरांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग श्रीपादांच्या नकाशावर बोट ठेवलं. "तुमची बेटं उत्तम आहेत. पण विषुववृत्त कुठंय?"

श्रीपादांनी वळून पाहिलं. विषुववृत्त नव्हतंच.

"मॅडमनी सगळ्यात आधी तेच काढलंय," गोरे सर म्हणाले. त्यांनी नवा नकाशा फाइलमध्ये लावला, प्रत्येक पानावर सही केली आणि पुढे तासभर सुलोचनाबाईंना प्रश्न विचारले. जावाच्या लोकसंख्येची घनता विचारल्यावर त्या इतक्या बोलल्या की शेवटी सरांनीच "पुरे, पुरे" म्हटलं. निघताना त्यांनी श्रीपादांचा नकाशा गुंडाळून त्यांच्याच हातात दिला. "हा घरी लावा. मार्क मॅडमना चांगले देतोय. तुम्हाला देता येत नाहीत."

स्कूटरवर सुलोचनाबाई मागे बसल्या, पण खांद्यावर हात ठेवला नाही. एक चौक गेला. दुसरा गेला.

"रागावलीस?" श्रीपादांनी विचारलं.

"रद्दीचं काय, माणूस चुकतो," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला खरंच ऐकायचं होतं. मी व्हरांड्यात उन्हात उभी राहून सांगत होते. संहिताला पण सांगून टाकलं मी, की बघ, आमचे हे विचारतायत."

सिग्नल लाल झाला. शेजारचा रिक्षावाला कोणावर तरी खेकसत होता. सिग्नल हिरवा झाला, स्कूटर निघाली, आणि ते समोर बघत म्हणाले, "अगं, कोको कुठं होतो गं?"

मागे सुलोचनाबाईंनी पदर सावरला.

"म्हणजे चॉकलेटचा कोको," ते म्हणाले. "आता नकाशा नाही काढायचा. असंच."

आणखी एक चौक गेला. मग खांद्यावर हात आला. "आयव्हरी कोस्ट," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि घाना. पण गंमत बघा, तिथली जी माणसं तो पिकवतात ना, त्यांतल्या कितीतरी जणांनी चॉकलेट कधी चाखलेलं नसतं."

"का बरं?"

"का म्हणजे? ऐका तर..."

गंगवाल बसस्टँडापाशी घराकडे डावीकडे वळायचं होतं. श्रीपाद वळले नाहीत. सुलोचनाबाई बंदरांवर आल्या, बंदरांवरून जहाजांवर, जहाजांवरून पाऊसमानावर. मधे मधे "का?" असा प्रश्न पुढून येत होता आणि तो येईपर्यंत त्या थांबत होत्या. दुकानं संपली, घरं विरळ झाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची शेतं लागली, आणि बेटमा गावाच्या पाटीखालून स्कूटर जाताना सुलोचनाबाईंनी एकदम इकडे तिकडे पाहिलं.

"अहो! आपण कुठे चाललोय?"

"मला काय विचारतेस?" श्रीपाद म्हणाले. "भूगोल तुझा विषय."